पाटीवरची उर्दू आणि शून्य बेरजेचा हिशेब

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव आहे. परिषदेत उर्दूचा वापर १९५६ पासूनचा. तरी ‘उर्दू काढा’ असा अर्ज झाला. अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी २०२० मध्ये तो मान्य केला, अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी २०२१ मध्ये तो आदेश फिरवला. वाद नागपूर खंडपीठातून दिल्लीला गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले: २०२२ चा राजभाषा कायदा मराठी सक्तीची करतो, उर्दूला बंदी करत नाही.

गेम थिअरीत ‘शून्य बेरजेचा खेळ’ म्हणतात, तो बांधाच्या भांडणासारखा असतो. एकाचे शेत हातभर वाढले की दुसऱ्याचे हातभर घटते. पाटीचे तसे नाही. उर्दूची ओळ पुसून मराठीचे एक अक्षरही वाढत नाही. फक्त उर्दू वाचता येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची तेवढी अडचण होते. ज्यात कुणाचाच लाभ नाही आणि एकाची गैरसोय आहे, त्याला नीती कशी म्हणायची?

भाषेला धर्म चिकटवला की शेजाऱ्याचे नुकसान हाच आपला फायदा वाटू लागतो. न्यायालयाने तेच खोडले: भाषा म्हणजे धर्म नव्हे. हे आपल्यालाही लागू आहे. ‘उर्दू आपली, मराठी त्यांची’ असे मोहल्ल्यात जो म्हणतो, तो त्याच अर्जावर दुसरी सही करतो.

‘अर्ज’, ‘वकील’, ‘तारीख’ हे शब्द अरबी-फारसीतून आले म्हणून मराठी बाटली नाही. पटसंख्येअभावी मराठी शाळा बंद पडतात. त्याचे कारण पातूरच्या पाटीवर सापडणार नाही.