वशिला नव्हे, वसीला

नवी मुंबईतील दिघा ही कष्टकऱ्यांची वस्ती. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात ती वसली आहे. पूर्वी अशा वस्तीत काम मिळण्याची रीत साधी होती. कारखान्यात जाणारा शेजारी नव्या मुलाला बरोबर नेई आणि मुकादमाशी गाठ घालून देई. पुढे या पट्ट्यातील अनेक कारखाने बंद पडले. ऐरोली-दिघा भागात माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. १२ जानेवारी २०२४ रोजी ‘दिघा गाव’ हे रेल्वे स्थानकही सुरू झाले. गाडी दाराशी आली. पण त्या इमारतींत शिरण्याची वाट शेजारच्या काकांना ठाऊक नाही. मग ती कोणाला विचारायची?

उद्या तुम्ही महाविद्यालयात जाल. तेथे बहुधा एक खोली असते. तिच्या दारावर ‘रोजगार मार्गदर्शन कक्ष’ किंवा ‘प्लेसमेंट सेल’ अशी पाटी असते. तेथे नोकरीच्या जाहिराती लावतात, अर्ज कसा लिहावा ते सांगतात, मुलाखतीचा सराव करून घेतात आणि कंपन्यांना महाविद्यालयात बोलावतात. तरीही पुष्कळ मुले शेवटच्या वर्षापर्यंत त्या दारातून आत जात नाहीत. माझ्या मते, तेथे पहिल्याच वर्षी जावे. कोणत्या कामाला कोणते शिक्षण लागते हे आधी कळले, तरच त्याची तयारी करता येते.

कक्षाइतकाच मोलाचा दुसरा आधार म्हणजे माजी विद्यार्थी. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलीगढ येथे सुरू केलेल्या शाळेचे पुढे महाविद्यालय झाले आणि १९२० साली विद्यापीठ झाले. तेथील माजी विद्यार्थी आजही १७ ऑक्टोबरला, सर सय्यद यांच्या जन्मदिनी, देशोदेशी एकत्र जमतात. संस्था सोडली तरी तिच्याशी जडलेले नाते सुटत नाही. तुमच्या शाळेतून शिकून गेलेली मुलेमुलीही आज कोठे ना कोठे काम करत असतील. त्यांची नावे तुमच्या शिक्षकांना नक्की आठवतील.

कोणी म्हणेल, “हा तर वशिला झाला! गुण चांगले असतील तर कोणाकडे जायची गरज काय?” हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. ‘वशिला’ हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. उर्दूत ‘वसीला’ म्हणजे साधन, माध्यम. मराठीत मात्र तो दुसऱ्याचा हक्क डावलून मिळवलेल्या लाभासाठी वापरतात. “मला नोकरी लावून द्या,” असे म्हणणे हा वशिला. “तुम्ही कोणती परीक्षा दिली? मुलाखतीत काय विचारले? मी काय शिकू?” असे विचारणे हा वसीला. यात कोणाचाही हक्क जात नाही. ज्या घरात काका-मामा अधिकारी असतात, त्या घरातील मुलांना ही माहिती जेवताजेवता मिळते. ज्या घरातून पहिलेच मूल महाविद्यालयात जाते, त्याने ती विचारून घेतली तर त्यात लाज कसली?

मात्र विचारण्याचीही एक रीत आहे. आपली ओळख द्यावी, मोजके प्रश्न विचारावेत, समोरच्याच्या वेळेचा मान राखावा आणि नंतर आभार मानावेत. एकाने उत्तर दिले नाही, तर दुसऱ्याला विचारावे. कक्ष असो वा माजी विद्यार्थी, ते वाट दाखवतील. चालावे तुम्हालाच लागेल. अभ्यासाला पर्याय नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एक दिवस तुम्हीही माजी विद्यार्थी व्हाल. त्या वेळी आपला पत्ता शाळेत नोंदवून ठेवा. दिघ्याचा एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी तुम्हाला शोधत येईल. त्यांना बसवा, पाणी द्या आणि जे ठाऊक असेल ते मोकळेपणाने सांगा.