सवलत नको, बाकं द्या!

१९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. पुढे शाळेच्या सहली घेऊन मी बोरिवलीहून लाँचने तिथे जायचो, दिवसभर मुलांमागे धावायचो. परवा नातवंडांबरोबर अशाच एका पार्कात गेलो. आता हातात काठी. तिकिटात ज्येष्ठांना सवलत, आत मात्र पायऱ्याच पायऱ्या, आणि सावलीत टेकायला एक बाक नाही! "आजोबा, तुम्ही गेटपाशीच बसा ना," रखवालदार म्हणाला. का म्हणून? दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे. करमणुकीच्या खासगी जागाही त्यात येतात. बारा फुटांत एक फूट चढ, एवढा रॅम्प बांधणं इतकं अवघड आहे? आम्हाला पाळण्यात बसायचं नाही हो. नातवंडांचा आरडाओरडा जवळून ऐकायचाय. तो गेटपाशी ऐकू येत नाही.