गुरुत्वाची मात्रा कोण ठरवणार?

अवकाशविज्ञानाचा विषय वैद्यकीय मंडळाच्या स्मरणिकेत कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. बडोदेकरांना तो पडू नये. ज्या विक्रम साराभाईंनी भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा पाया घातला, त्यांनीच आपल्या या शहरात साराभाई केमिकल्स या औषध कंपनीचा कारभारही पाहिला. औषध आणि अवकाश ही दोन निरनिराळी क्षेत्रे आहेत असे त्यांना वाटले नसावे, आणि प्रस्तुत विषयात तर ती तशी नाहीतच.

अंतराळात दीर्घकाळ राहणाऱ्या माणसाच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्क्याने कमी होऊ शकते. रोज दोन तास व्यायाम करूनही हे नुकसान सर्वांत पूर्णपणे थांबत नाही. यावर सुचवलेला उपाय जुना आहे. अख्खी वसाहतच चाकासारखी फिरवायची, म्हणजे कडेवर उभ्या असलेल्या माणसाला वजन जाणवेल. १९७५ साली अमेरिकेत एका अभ्यासगटाने दहा हजार वस्तीचे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि मिनिटाला एक फेरी घेणारे कंकण कागदावर उतरवले होते.

आता काही उत्साही मंडळी याच्याही पुढे जातात. फिरवायचेच आहे, तर पृथ्वीपेक्षा थोडे अधिक गुरुत्व का निर्माण करू नये? दीडपट वजनात स्नायू आणि हाडे अधिक बळकट होतील, असा त्यांचा हिशेब. मला तो मान्य नाही. गुरुत्व हे शरीरावर परिणाम करणारे औषध आहे, आणि ज्या औषधाची मात्रा ठाऊक नाही ते औषध जन्मभरासाठी लिहून देण्यास आपल्यापैकी एकही वैद्य धजणार नाही.

अभियंत्याचे गणित सोपे आहे. मिनिटाला दोन फेऱ्या घेणाऱ्या चाकात पृथ्वीइतके गुरुत्व हवे असल्यास त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. दीडपट हवे असल्यास ३३६ मीटर. दोन फेऱ्याच का? कारण चाक लहान करून वेग वाढवला की अंतःकर्ण बंड करतो. अमेरिकन नौदलाने पेन्साकोला येथे फिरती खोली उभारून माणसांना दिवसेंदिवस त्यात ठेवले. मंद गतीशी बहुतेकांनी जुळवून घेतले. वेग वाढला तशी साधी मान वळवली तरी मळमळ होऊ लागली. (नवरात्रात रात्र रात्र गिरक्या घेणाऱ्या बडोदेकरांचा कान कसलेला असतो, हे मान्य. पण गरबा थांबवता येतो.)

वैद्याचे गणित इतके सोपे नाही. सत्तर किलोच्या माणसाला दीडपट गुरुत्वात एकशेपाच किलोचा भार वाहावा लागेल. ज्या गुडघ्यांची तक्रार आपण रोज ओपीडीत ऐकतो, त्यांना जिने चढायचे आहेत. उभे असताना हृदयापासून मेंदूपर्यंत रक्त चढवण्यासाठी साधारण २३ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब खर्ची पडतो. तो ३५ होईल. उठताना ज्यांना घेरी येते अशा वृद्धांचे काय, आणि पायांच्या फुगलेल्या शिरांचे काय? आपली हत्यारेही बदलतील. एक मीटर उंच टांगलेल्या सलाईनच्या बाटलीचा दाब दीडपट होईल. ई.एस.आर.च्या नळीत रक्तपेशी लवकर खाली बसतील. ज्या आकड्यांवर आपण निदान करतो, त्यांतील कितीतरी नव्याने ठरवावे लागतील.

पुरावा काय म्हणतो? अनेक महिने अपकेंद्री यंत्रात वाढवलेल्या कोंबड्यांच्या शरीरातली चरबी घटली आणि पायांचे स्नायू शरीराच्या प्रमाणात वाढले. वाढीव गुरुत्वाचे समर्थक इथेच थांबतात. याच क्षेत्रातला दुसरा निष्कर्ष ते सांगत नाहीत: वाढीव गुरुत्वात प्रसूत झालेल्या उंदरांच्या माद्यांची अधिक पिल्ले जन्मानंतर दगावली. माणसांवर २०१९ साली कोलोन येथे प्रयोग झाला. चोवीस जण साठ दिवस डोके किंचित खाली ठेवून बिछान्यात पडून होते. त्यांपैकी सोळा जणांना रोज तीस मिनिटे यंत्रात फिरवले. पायांपाशी गुरुत्व दुपटीच्या घरात होते. एवढ्या मात्रेने स्नायूंचा आणि रक्ताभिसरणाचा ऱ्हास पुरेसा रोखता आला नाही. म्हणजे अर्धा तास कमी पडतो. पुरेसा किती, आणि किती झाला म्हणजे अपाय, या दोन टोकांमधली जागा अजून रिकामी आहे.

प्रौढ अंतराळवीर स्वतःच्या सहीने धोका पत्करतो. अशा वसाहतीत जन्मणाऱ्या बाळाला कोणी विचारलेले नसते, म्हणून माझा आग्रह आहे की अशा आराखड्यांच्या टेबलावर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ पहिल्या बैठकीपासून असावेत. इमारत उभी राहिल्यावर दवाखान्याला खोली शोधण्याची आपली सवय तिथे परवडणार नाही. २०३५ पर्यंत भारताचे स्वतःचे अंतराळ स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आहे. त्यात लहान प्राण्यांसाठी एक फिरते यंत्र असावे आणि पिढ्यान्पिढ्यांचा अभ्यास तिथे सुरू व्हावा, अशी मागणी वैद्यकीय संघटनांनी आजच करायला हवी.

आणि दीडपट गुरुत्वाचे चाक बांधायचेच असेल, तर त्याच्या रचनेतच उत्तर दडलेले आहे. चाक एकच, फेऱ्याही त्याच. पण कडेपासून ११२ मीटर आत आलात की तुम्ही २२४ मीटरच्या त्रिज्येवर असता, म्हणजे पृथ्वीच्याच गुरुत्वात. घरे, शाळा, प्रसूतिगृह आणि वृद्धांच्या खोल्या त्या मजल्यावर असाव्यात. ज्या प्रौढांना बळकट व्हायचे आहे त्यांनी ठरलेल्या तासांसाठी खाली उतरावे, आणि ते तास डॉक्टरने लिहून द्यावेत. ये-जा करणारी लिफ्ट मात्र संथ हवी. सेकंदाला दोन मीटरच्या वेगानेही आतल्या माणसाला वजनाच्या सुमारे नऊ टक्के बाजूचा धक्का जाणवेल, आणि गर्भवती स्त्रीला धरायला भिंतीवर कठडा लागेल.