कर्जतला हवा भाकरी ओळखणारा आहारतज्ज्ञ

कर्जत म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाला रायगडातले कर्जत आठवते: फार्महाऊस, नदीकाठचे रिसॉर्ट आणि शनिवार-रविवारची योगशिबिरे. अहिल्यानगर जिल्ह्यातले कर्जत निराळे. हे गोदड महाराजांचे, राशीनच्या यमाईचे, रब्बी ज्वारीचे आणि पावसाकडे डोळे लावून बसणारे कर्जत. इथली मुलगी आहारशास्त्र किंवा योग शिकली की पुण्यात खोली शोधू लागते, कारण या व्यवसायाला गिऱ्हाईक शहरातच असते असे सगळ्यांनी धरून चालले आहे. ही समजूत आता तपासायला हवी. आहार आणि योग या दोन्हींचे रीतसर शिक्षण घेतलेल्या माणसाची गरज तालुक्याच्या गावीही तितकीच आहे, आणि तिथे त्याचा चरितार्थही चालू शकतो. अट एवढीच, की शहरातला आहाराचा तक्ता त्याने जसाच्या तसा इथल्या ताटावर लादू नये.

गरज किती आहे हे आकडेच सांगतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळावर झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाचे प्रमाण शहरांत १६.४ टक्के आणि खेड्यांत ८.९ टक्के निघाले. हे वाचून खेड्याने निर्धास्त होऊ नये. कारण मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांचे प्रमाण शहरांत १५.४ आणि खेड्यांत १५.२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आहे. उंबरठ्यावरच्या माणसाला परत फिरवता येते का, याचे उत्तर भारतातच मिळालेले आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी अशा ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे तीन वर्षांत, विशेष सल्ला न मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि व्यायामाचा पाठपुरावा झालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिले. नुसती मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांतही ते चाळिसाच्या आसपासच होते. गोळीच्या तोडीचे काम करणाऱ्या या सल्ल्यासाठी मात्र कोणीतरी माणूस लागतो, आणि तो महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भेटावा लागतो. त्याच्यापुढचे काम मधुमेहापुरतेही नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे पंडुरोग आढळला. सासऱ्यांची साखर वाढलेली आणि सुनेचे हिमोग्लोबिन उतरलेले, असे एकच घर त्याच्यासमोर येऊ शकते.

अशा घराला ओट्स आणि ॲव्होकॅडो सांगणे म्हणजे सल्ला न देण्यासारखेच. हुलगा, मटकी, जवस, कारळे, शेंगदाणे, बाजरी हा या पट्ट्याचा स्वतःचा साठा आहे. मात्र ‘आपली भाकरीच बरी’ म्हणून हात झटकणेही चूक. भाकरी झाली तरी बहुतांशी पिष्टमय पदार्थच. तीन भाकरी आणि वाटीभर पातळ कालवण या ताटात एक भाकरी कमी करून मटकीची उसळ किंवा हुलग्याचे शेंगोळे कसे वाढवायचे, हे सांगणे खरे कौशल्याचे. एकादशी धरणाऱ्याला उपवास सोडायला सांगून तो ऐकणार नाही; साबुदाण्याऐवजी काय खावे हे त्याला सांगता आले पाहिजे, आणि त्या दिवशीच्या गोळ्यांसाठी त्याला डॉक्टरांकडे पाठवता आले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: दिवसभर रानात राबणाऱ्याला योग कशाला? कष्टाने घाम निघतो हे खरे, पण खुरपणीत किंवा ऊसतोडीत तेच स्नायू तासन्‌तास त्याच दिशेने ताणले जातात. कंबर आणि गुडघ्यांना उलट दिशेचा ताण आणि शिस्तीची विश्रांती हवी असते, आणि ती श्रमातून मिळत नाही. शिवाय ट्रॅक्टरवर, दुकानाच्या गल्ल्यावर आणि कचेरीत बसणारे कर्जतकरही आता थोडे नाहीत. दुसरा आक्षेप पैशाचा. दुष्काळी तालुक्यात नुसत्या सल्ल्याला पैसे कोण मोजणार? हा आक्षेप वजनदार आहे आणि म्हणूनच दोन विद्या एका हाती असण्याला अर्थ आहे. सकाळच्या योगवर्गाची मासिक फी जागेचे भाडे काढते. त्या वर्गातूनच आहाराचे रुग्ण येतात. शाळा-महाविद्यालयांतली सत्रे, स्थानिक डॉक्टरांनी पाठवलेले रुग्ण आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांतल्या योगसत्रांचे मानधन यांची त्याला जोड मिळते. पहिली काही वर्षे कमाई पुण्याच्या बरोबरीची होणार नाही, हे मान्य करूनच यात उतरावे.

तिसरा आक्षेप भोंदूपणाचा, आणि तो सर्वांत खरा. महिन्याभराच्या वर्गावर ‘तज्ज्ञ’ होऊन पावडरीचे डबे विकणारे तालुक्यांतही पोहोचले आहेत. आहारतज्ज्ञांना कक्षेत घेणारा केंद्रीय कायदा २०२१ मध्ये झाला आणि आयुष मंत्रालयाचे योग प्रमाणन मंडळ २०१८ पासून परीक्षा घेते. रुग्णाने प्रमाणपत्र मागावे आणि व्यावसायिकाने ते भिंतीवर लावावे. योगाचे प्रमाणपत्र आहारसल्ल्याचा परवाना ठरत नाही, आणि आहाराची पदवी असली म्हणून इन्सुलिनचे प्रमाण बदलता येत नाही. जो आपली हद्द सांगतो, त्याच्यावरच डॉक्टर आणि गाव दोघेही विश्वास ठेवतात.

तालुक्यात हे जमणार नाही म्हणणाऱ्यांनी शेजारच्या जामखेडकडे पाहावे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केले. त्यांनी खेड्यातल्या, फारसे न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेवेचे धडे दिले आणि गावांनी त्या बायकांचे ऐकले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या बोलीत, आपल्या चुलीची माहिती ठेवून सांगितलेली गोष्ट लोक ऐकतात, हे या जिल्ह्यात अर्ध्या शतकापूर्वीच सिद्ध झाले आहे. कर्जतच्या मुलीने शिकायला पुण्याला जरूर जावे. ती परत येईल तेव्हा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागात तिच्यासाठी एक खुर्ची असावी, एवढी तजवीज शासनाने आणि कर्जतकरांनी करून ठेवावी.