संप नको, मग सुनावणी हवी

पोलिसांना संपाची मुभा देता येणार नाही, ही सरकारची भूमिका रास्त आहे. मात्र बंदी घातली की आपले काम संपले, अशी समजूत महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांनी १९८२पासून जपली आहे आणि ती घातक आहे. त्या वर्षी गिरणी संप चालू असतानाच मुंबईच्या पोलिसांतील असंतोष शिगेला पोहोचला. स्वातंत्र्यदिनी त्यांनी काळ्या फिती लावल्या. बाबासाहेब भोसले यांच्या सरकारने पोलीस कर्मचारी संघटनेची मान्यता काढून घेतली, पुढाऱ्यांना अटक केली आणि १८ ऑगस्टला शिपाई रस्त्यावर उतरले. लोकलगाड्या अडल्या, दुकाने लुटली गेली, लष्कर बोलवावे लागले. ज्यांनी जमाव आवरायचा तेच जमावात शिरले की सामान्य माणसाला वाली उरत नाही. ते बंड मोडणे भागच होते. पण बंडाबरोबर संघटनाही गेली आणि तिच्या जागी शिपायाचे म्हणणे मांडणारे दुसरे काहीच उभे राहिले नाही.

त्याची झळ पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्यासारख्या डोंगरी मुलखात अधिक लागते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी राजगड, तोरणा, मढे घाट आणि भाटघरच्या काठावर पर्यटकांची रीघ लागते. वरंधा घाटात दरड कोसळते, पुणे-सातारा महामार्गावर अपघात होतात, पौषात मांढरदेवीच्या यात्रेसाठी भोरमार्गे गर्दी लोटते. इतरांची सुट्टी तो पोलिसांचा बंदोबस्त. त्यात साप्ताहिक सुट्टी बुडाली तर दाद मागायची वरिष्ठांकडेच, आणि ड्युटी लावणारेही तेच. अशा तक्रारीला किती जण धजावतील?

वर्दीत संघटना शिरली की शिस्त बिघडते, हा आक्षेप पोकळ नाही. १९८२ने त्याला आधार दिला आहे. पण संघटनेचे सगळेच प्रकार सारखे नसतात. ब्रिटनने १९१९मध्ये संपात उतरलेल्या पोलिसांना बडतर्फ केले, पोलिसांच्या कामगार संघटनेवर कायद्याने बंदी घातली आणि त्याच कायद्याने पोलीस फेडरेशन ही प्रातिनिधिक संस्था उभारली. डेसबरो समितीच्या शिफारशीनुसार वेतनही वाढवले. पोलिसांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा आपला १९६६चा कायदादेखील संघटनेला सरसकट मनाई करत नाही. पूर्वपरवानगीची अट घालतो. म्हणजे वाट कायद्याने बुजवलेली नाही, परवानगी देणाऱ्यांनी अडवली आहे.

मनुष्यबळ नाही, पैसा नाही, हा दुसरा आक्षेप. त्यावर मुंबईतच उत्तर सापडते. २०१६मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळ्यांचा प्रयोग झाला, आणि त्याची कल्पना मांडली होती एका शिपायाने. ऐकून घेतले तर खालून उपायही येतात, याचा इतका सरळ पुरावा असताना सरकारने असा आवाज योगायोगावर का सोडावा? रिक्त पदे भरायला वेळ लागेल, हे मान्य. शिपायांनी गुप्त मतदानाने निवडलेले प्रतिनिधी, त्यांच्याशी अधीक्षकांची ठरावीक काळाने बैठक, बुडालेल्या सुट्ट्यांची उघड नोंद आणि तक्रारदाराची बदली करण्यास मनाई, एवढ्यासाठी नवी भरती लागत नाही. गृह खात्याने याची सुरुवात पुणे ग्रामीणमध्ये, भोर आणि वेल्ह्याच्या ठाण्यांपासून करावी, आणि ती पुढच्या पावसाळ्याआधी करावी.