टॅटूवर बँड-एड? कशाला राव!

मनगटावर नवाकोरा टॅटू आणि त्यावर ओळीने चिकटवलेल्या तीन बँड-एड! मंडळी, हा प्रकार आता पुरे. बँड-एड निघाली १९२० साली, स्वयंपाकघरात कापलेल्या-भाजलेल्या बोटांसाठी. टॅटू म्हणजे कापलेलं बोट नव्हे. सुई कातडीत मिलिमीटर-दीड मिलिमीटर आत जाते, तीही हजारो वेळा. सगळा भागच पाझरत असतो. तिथे ती इवलीशी गादी काय पुरणार? डिंक थेट जखमेवर बसतो, ओल कोंडते आणि पट्टी ओढताना खपलीबरोबर शाईही निघू शकते.

"मग स्टुडिओवाले ती पारदर्शक फिल्म लावतात ते?" अहो, ती वेगळी! पॉलियुरेथेनची असते, बाहेरचं पाणी अडवते, आतली वाफ सोडते. तरी तिच्या डिंकाने पुरळ आलं तर तीही काढायची.

फिल्म नसेल तर कोमट पाणी, बिनवासाचा साबण, हलकं टिपणं, मलमाचा पातळ हात. बस्स. लाली पसरली, पू झाला, ताप आला तर गूगल नाही, डॉक्टर!

टॅटूला हजारो रुपये मोजायचे आणि जखम दोन रुपयांच्या पट्टीवर सोडायची, हा कुठला हिशोब?