घरातला उजेड

माझ्या मोबाइलमध्ये फुफीचा एक व्हिडिओ आहे, अकरा मिनिटांचा. लग्नाच्या आदल्या रात्री आमच्याकडे बायका म्हणायच्या ती गाणी तिला पुष्कळ यायची. त्यातली पाच-सहा तिनं म्हटली आहेत. आवाज स्वच्छ आलाय, चेहरा मात्र नाही. मी तिला दाराकडे पाठ करून बसवलं होतं. दारातून दुपारचं ऊन येत होतं. मोबाइलनं त्या उन्हाचा हिशेब धरला आणि पुढचं सगळं काळं केलं. फुफी म्हणजे दारापुढची एक सावली. तिला जाऊन तीन वर्षं झाली, आणि आता ते गाणं पुन्हा घेता येत नाही.

मी बीएड झालेली बाई. उर्दू आणि मराठी शिकवते. कॅमेऱ्यातलं मला काही शिकवलेलं नाही. पण या फसलेल्या व्हिडिओमुळे एक गोष्ट डोक्यात बसली, ती लिहिते.

सोनगीरहून महामार्गानं धुळं ओलांडून पुढं गेलं की मालेगाव लागतं. तिथं व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. हातात व्हिडिओ कॅमेरा, ट्रॉलीऐवजी सायकल, क्रेनऐवजी बैलगाडी. नट म्हणजे यंत्रमागावर राबणारी गावातलीच माणसं. २००८ साली फैजा अहमद खान यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, आणि आता तर रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला. आम्हा खान्देशवाल्यांना या लोकांचा अभिमान आहे, मलाही आहे. पण एक बघा. हे सिनेमे बरेचसे रस्त्यावर, माळावर, नदीकाठी घडतात. कारण साधं आहे, दिवे भाड्यानं आणायला पैसे नव्हते आणि ऊन फुकट होतं. आणि त्यांत गावातल्या बायका नाहीत. त्या पडद्यावर यायला तयार नसत, नायिका बाहेरून आणावी लागे.

हे काही मालेगावचंच नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' केला तोही दादरच्या उन्हातच. आणि त्यांची तारामती कोण? अण्णा साळुंके, एका हॉटेलात काम करणारा पुरुष. त्याच साली 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई आल्या, हे खरं. पण सुरुवात अशीच झाली.

बायका न येण्याची कारणं वेगळी आहेत, ती आपण सगळे जाणतो. माझं म्हणणं एवढंच, की त्या कारणांना उजेडाची साथ मिळते. बिनपैशाचा उजेड बाहेर, आणि बाहेर पुरुष. बायका आत, आणि आमची जुनी धाब्याची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. जाड भिंती, लहान खिडक्या, त्यांवर पडदा. आतल्या माणसाचा चेहरा नीट टिपायचा तर आतला उजेड समजून घ्यावा लागतो. तो समजला नाही की आपण पुन्हा चौकात जाऊन पोरांच्या कॉमेड्या काढतो. त्याही मी हसत बघते, तक्रार नाही.

शाळेतल्या मुली सुटीच्या दिवशी माझ्याकडे येतात. पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, "आपा, रिंग लाइट घ्यायचा का?" मी म्हटलं, आधी घरातला दिवा बंद कर. ती हसली. पण दिवसा खिडकीचा उजेड निळसर आणि बल्ब पिवळा, दोन्ही चेहऱ्यावर पडले की एक गाल एका रंगाचा आणि दुसरा दुसऱ्या रंगाचा दिसतो. जो जास्त तो ठेवायचा. माणसाला खिडकीला पाठ करून बसवायचं नाही, खिडकी एका बाजूला हवी. थेट ऊन नको, पांढरी ओढणी खिडकीवर टाकली की तेच ऊन मऊ होतं. अंधाऱ्या बाजूच्या गालापाशी पांढरी चादर धरायची. ती खिडकीतला उजेड परत फेकते. माणूस खिडकीजवळ हवा, कारण उजेड फार लवकर विरतो. छोट्या दिव्यापासून दुप्पट लांब गेलं की चौथाईच उरतो.

रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात ना? आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. कॅमेऱ्याचा वेग तिच्याशी जुळला नाही की पट्टे येतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ५० हर्ट्झची सोय असेल तर ती निवडावी.

आमच्या घरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं वेगळंच आहे. मोबाइल सगळ्या चित्राची सरासरी काढतो. बाई काळ्या बुरख्यात असेल तर त्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि चेहरा पांढराफटक होतो. पांढरा दुपट्टा असेल तर उलटं, चेहरा काळवंडतो. म्हणून पडद्यावर चेहऱ्यावरच बोट दाबून धरायचं. बहुतेक फोनमध्ये तेवढ्यानं उजेडाचं माप चेहऱ्यावर पक्कं होतं.

सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे मुलींनी चादरीऐवजी पितळेची परात आणली. चेहरा असा सोनेरी झाला की कावीळ वाटावी. मग कल्हई केलेली बाजू फिरवली, तर गालावर काजव्यासारखा एकच चटका. चकचकीत आणि लहान वस्तू उजेड टोचते, मोठी आणि खरबरीत वस्तू तो पसरते. मला हे पुस्तकातून सांगावं लागलं नाही, परातीनं सांगितलं.

सुब्रत मित्रांनी १९५६ च्या 'अपराजितो'साठी हेच मोठ्या प्रमाणात केलं होतं. काशीच्या घरातलं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभं केलेलं, आणि वरून येणारा आभाळाचा उजेड हवा होता. त्यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिवे त्यावर मारले. कापड आपल्याही घरात आहे.

काही लोक मला म्हणतात, बायकांना कॅमेऱ्यापुढं बसवायचंच कशाला? मी जबरदस्ती करत नाही. जिला चेहरा नको, तिचे हात टिपते. मांडे थापणारे, रजई शिवणारे. पण झाकायचं की दाखवायचं हे तिनं ठरवावं. माझ्या फुफीनं झाकायला सांगितलं नव्हतं, माझ्या अडाणीपणानं झाकलं. आणि ही माणसं जाताहेत. त्यांची गाणी कुठल्या पुस्तकात नाहीत, आणि बाहेरून कुणी दिवे घेऊन ती टिपायला येईल असं मला वाटत नाही. हा उद्योग आपला आहे.

परवा गल्लीतल्या बडी खालांना खिडकीशी बसवलं. फुफी म्हणायची त्यातलं एक गाणं त्यांना येतं, निम्मंच. ते झाल्यावर मुलींनी फोन त्यांच्या हातात दिला. खूप वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मैं इत्ती बुड्ढी हो गई क्या?" थोड्या वेळानं, "कल फिर आओ. मैं अच्छा दुपट्टा ओढ लेती."

"सफेद मत ओढना, खाला," एक मुलगी पटकन म्हणाली.